रामन यांनी प्रवेश नाकारलेल्या कमलाबाईंनी आपल्या डाळीतली गोम शोधून काढली

जालन्याकडचे एखादे आबा डोळ्यांसमोर आणा. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, पण जमिनीवरून उठायचं तर भिंतीचा आधार लागतो. लोकांना वाटतं तब्येत सुधारली. प्रत्यक्षात चरबी वाढतेय आणि आतून स्नायू झिजतायत. डॉक्टर याला सार्कोपेनिक ओबेसिटी म्हणतात. वजनकाट्यावर हे दिसतच नाही.

यावरचा बराचसा उपाय ताटात आहे. आणि हे ताट प्रयोगशाळेत नेणारी बाई आपली होती, कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९३३ मध्ये बीएस्सी झाल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज टाकला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई थेट बंगळुरूला पोचल्या आणि त्यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष परीक्षाधीन. नोबेलवाल्यांची ही बाजू शाळेच्या पुस्तकात सापडत नाही.

तिथे त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिज, १९३९ मध्ये पीएचडी. परतल्यावर दिल्ली, कुन्नूर, १९४७ मध्ये लग्न आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापकी.

मुंबईत त्यांनी पुन्हा डाळी हातात घेतल्या. डाळी-कडधान्यांत ट्रिप्सिन अडवणारा घटक असतो. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर. ते अडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. नीट शिजवलं की हा अडसर बराच कमी होतो. दुसरं काम नीरेवर. तिच्यातलं व्हिटॅमिन सी आणि इतर घटक कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना कसे उपयोगी पडतात, हे त्यांनी तपासलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला.

आता परत आबांकडे. जास्तीच्या चरबीमुळे शरीरात बारीक दाह चालू राहतो, पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो आणि स्नायू आणखी खचतात. फळं-भाज्यांतले ॲन्टीऑक्सिडंट, म्हणजे व्हिटॅमिन सीसारखे घटक, हा ताण कमी करायला मदत करतात. पण त्यांच्या गोळ्या खाऊन गेलेले स्नायू परत येतात, असं सिद्ध झालेलं नाही. स्नायूला प्रथिनं लागतात आणि व्यायाम लागतो. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. २५ ग्रॅम तूरडाळीतून मिळतात साधारण साडेपाच. म्हणजे पातळ वरणावर भागणार नाही. उसळ, दही, अंडं हवं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सामान जालन्यातच आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण दिले, जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे. फक्त मोसंबी फोडी करून खा, साखर घातलेला ज्यूस नको.

कमलाबाई निवृत्तीनंतरही ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम करत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत आयसीएमआरने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्याच कार्यक्रमात त्या कोसळल्या आणि नंतर काही काळातच गेल्या.