मुळांवरच्या गाठी आणि एक तापट माणूस

लहानपणी भुईमुगाच्या शेंगा तोडायला बसलो की मुळांवरच्या बारीक गाठी नखाने फोडायचा मला नाद होता. आत गुलाबी, लालसर दिसे. रोपाला कसली तरी कीड लागली असावी, अशी माझी समजूत. पुढे कळले की एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांनाही या गाठी रोगटच वाटत. त्या गाठींत राहणारा जीव १८८८ साली प्रथम वेगळा काढला तो मार्टिनस बायेरिंक या डच माणसाने.

१६ मार्च १८५१ रोजी अॅमस्टरडॅमला जन्मलेल्या मार्टिनसच्या वडिलांचा तंबाखूचा धंदा होता. तो बुडाला आणि त्यांना रेल्वेत कारकुनी धरावी लागली. मुलगा हुशार निघाला. डेल्फ्टला शिकताना व्हांट हॉफ त्याचा मित्र झाला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले ते याच मित्राला. बायेरिंक यांनी १८७७ साली लायडनला डॉक्टरेट मिळवली ती कशावर, तर झाडांवर कीटकांमुळे येणाऱ्या गाठींवर! गाठींनी या माणसाची पाठ सोडली नाही असेच म्हणायचे.

स्वभाव मात्र कठीण. वागेनिंगेनच्या शेतकी शाळेत शिकवत असताना विद्यार्थी त्यांना वचकून असत. संशोधन करणाऱ्याने संसाराच्या भानगडीत पडू नये असे त्यांचे मत. स्वतः अविवाहित राहिले आणि बहिणींसोबत आयुष्य काढले. मला हा माणूस शिक्षक म्हणून मुळीच आवडला नसता. आणि तरीही दोन परक्या जीवांचा एकत्र संसार जगाला दाखवावा तो याच एकलकोंड्याने!

१८८५ पासून ते डेल्फ्टला यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यात नोकरीला होते. तिकडे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी सिद्ध केले होते की शेंगावर्गीय झाडे हवेतला नायट्रोजन वापरतात आणि त्याचा संबंध मुळांवरच्या गाठींशी आहे. पण हे काम करणारा कोण? बायेरिंक यांनी शेंगावर्गीय झाडांचा काढा जिलेटिनमध्ये घालून त्यावर गाठींतले जंतू वाढवले. जंतूला आवडेल तेच ताट मांडायचे, ही त्यांची खरी हातोटी. १९०१ साली नायट्रोजनचे संयुग नसलेल्या द्रवात चिमूटभर माती टाकून त्यांनी अॅझोटोबॅक्टर मिळवला. अशा उपासाच्या ताटावर जगेल तो हवेतून नायट्रोजन घेणाराच असणार! आपल्याकडचे शेतकरी पेरणीच्या वेळी बियाण्याला जे चोळतात, तो हाच. तंबाखूच्या पानांवरचा रोग बॅक्टेरियाहून वेगळ्या, सूक्ष्म गाळणीतूनही निसटणाऱ्या कारणाने होतो, हे १८९८ साली सांगणारेही तेच. विषाणूशास्त्र तिथून सुरू झाले.

गाठीतला व्यवहार रोखठोक आहे. झाड साखर देते, जंतू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून देतो. आतला गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. जंतूला श्वासापुरता प्राणवायू मिळावा, पण जास्त होऊन काम बंद पडू नये, याची काळजी तो घेतो.

आमच्या गावामागच्या टेकडीवर दोनदा वृक्षारोपण झाले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या उन्हाळ्यात काड्याच उरल्या. पाणी कमी पडले, गुरे चरली, हे तर खरेच. पण वरची माती वाहून गेली की तिच्यातले जंतूही जातात, याचा विचार कुणी केला नव्हता. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तो केला. गुमगावच्या मँगनीज खाणीतून निघालेल्या ओसाड ढिगाऱ्यांवर तिथल्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, टाकला. रोपांच्या मुळांना रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर आणि मुळांशी मैत्री करणारी बुरशी दिली. शिसू, साग, कडुनिंब अशी झाडे तिथे उभी राहिली.

पाकीट फोडून शिंपडले की जंगल उगवले, असे मात्र होत नाही. सागाला, कडुनिंबाला अशा गाठी येतच नाहीत. ज्यांना येतात त्यांनाही कुठलाही जंतू चालत नाही, आपल्या जातीचा लागतो. जमिनीत स्फुरद नसेल तर गाठीही आळशी होतात. म्हणूनच ढिगाऱ्यावर आधी प्रेसमड पडला, जंतू मागून आले.

१८९५ पासून डेल्फ्टला प्राध्यापक असलेले बायेरिंक १९२१ साली निवृत्त झाले आणि बहिणींसह गोर्सेल या खेड्यात राहायला गेले. प्रयोगशाळा सुटली, झाडांचा नाद सुटला नाही. १ जानेवारी १९३१ रोजी ते वारले.

हे वाचल्यावर आम्ही टेकडीसाठी यंदा रोपे करताना जुन्या खैराखालची ओंजळभर माती पिशव्यांत मिसळली आहे. पावसाळ्यानंतर एक पिशवी फाडून मुळे पाहायची आहेत.