थॉमस जेफर्सन : विद्यापीठाची जमीन स्वतः मोजणारे माजी राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि त्या देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष म्हणून थॉमस जेफर्सन यांचे नाव भारतीय वाचकांना परिचित आहे. मात्र सार्वजनिक पदांतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ७४ वर्षांनंतर, एका नव्या विद्यापीठासाठी त्यांनी स्वतः जमिनीची मोजणी केली, ही हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

जेफर्सन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियातील शॅडवेल येथे झाला. त्यांचे वडील पीटर जेफर्सन हे जमीनदार तर होतेच, शिवाय नामांकित भूमापकही होते. जोशुआ फ्राय यांच्यासमवेत त्यांनी १७५१ मध्ये तयार केलेला व्हर्जिनियाचा नकाशा त्या प्रदेशाचा दीर्घकाळ आधारभूत नकाशा राहिला. १७५७ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा थॉमस १४ वर्षांचे होते. वारशात त्यांना जमीन आणि गुलाम मिळाले, त्याचप्रमाणे वडिलांची पुस्तके आणि गणिती उपकरणेही मिळाली. त्या काळातील भूमापकांची प्रमाण साखळी ६६ फुटांची असे. आपल्याकडील एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. त्याची बाजू या साखळीच्या बरोबर निम्मी भरते. दोन्हींचे मूळ एकाच इंग्रजी एकराच्या हिशेबात आहे.

विल्यम्सबर्ग येथे शिक्षण घेऊन जेफर्सन वकील झाले. १७७३ मध्ये अल्बेमार्ल परगण्याचे भूमापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, परंतु राजकारणाने त्यांना लवकरच ओढून नेले. १७७६ चा जाहीरनामा, व्हर्जिनियाचे गव्हर्नरपद, फ्रान्समधील राजदूतपद, परराष्ट्रमंत्रिपद, उपराष्ट्राध्यक्षपद आणि १८०१ ते १८०९ या काळातील राष्ट्राध्यक्षपद हा सारा प्रवास सर्वश्रुत आहे. मोजणीची दृष्टी मात्र सुटली नाही. १७८४ मध्ये पश्चिमेकडील प्रदेश चौकोनी आखणीने मोजून विकावा असा प्रस्ताव ज्या समितीने मांडला, तिचे ते अध्यक्ष होते. पुढील वर्षी हा प्रस्ताव काही बदलांसह कायद्यात उतरला. अमेरिकेच्या मध्यभागावरून विमानाने जाताना खाली दिसणारे शेतांचे पट याच विचारातून आलेले आहेत.

शिक्षणाचा प्रसार शासनाने करावा यासाठी जेफर्सन यांनी १७७९ मध्येच व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे विधेयक आणले होते. ते संमत झाले नाही. १८१४ मध्ये ते शार्लट्सव्हिल येथील एका शाळेच्या विश्वस्त मंडळावर आले. ही शाळा तोवर केवळ कागदावर होती. तिचे १८१६ मध्ये सेंट्रल कॉलेज झाले आणि १८१७ च्या मे महिन्यात नव्या संचालक मंडळाची पहिली बैठक भरली. जेम्स मॅडिसन हे माजी राष्ट्राध्यक्ष आणि जेम्स मन्रो हे विद्यमान राष्ट्राध्यक्ष या मंडळाचे सदस्य होते. एका लहानशा गावातील अद्याप न उघडलेल्या महाविद्यालयाला असे मंडळ क्वचितच लाभले असेल.

जॉन पेरी यांच्याकडून सुमारे २०० एकर जमीन विकत घेण्यात आली. पिके घेऊन घेऊन कस गेलेले आणि पडीक टाकलेले ते रान होते. १८ जुलै १८१७ रोजी जेफर्सन थिओडोलाइट घेऊन तेथे गेले आणि चौकांची आखणी केली. त्या दिवसाच्या मोजणीच्या त्यांच्या हस्तलिखित नोंदी आजही उपलब्ध आहेत. त्यांचे कारभारी एडमंड बेकन यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणींनुसार, शार्लट्सव्हिलच्या दुकानातून सुतळीचा गुंडा आणला गेला, खुंट्या तयार करण्यात आल्या आणि पहिली खुंटी जेफर्सन यांनी आपल्या हाताने ठोकली. खिशातील मोजपट्टी काढून ते अंतरे मोजत राहिले. जेम्स डिन्समोर हे कुशल सुतार मदतीला होते.

कागदावरील आराखडा आणि प्रत्यक्ष जमीन यांची गाठ येथे पडली. एकच प्रचंड इमारत बांधण्यास जेफर्सन यांचा विरोध होता. आग, साथीचे रोग आणि गोंगाट ही तिन्ही संकटे अशा इमारतीत वाढतात, असे त्यांचे मत होते. त्याऐवजी मोकळ्या चौकाच्या तीन बाजूंना प्राध्यापकांची स्वतंत्र घरे, त्यांच्या तळमजल्यावर वर्ग आणि घरांच्या दरम्यान विद्यार्थ्यांच्या खोल्यांची रांग अशी एक विद्याग्रामाची रचना त्यांनी योजिली होती. मूळ कल्पनेतील चौक चांगलाच विस्तीर्ण होता. परंतु निवडलेली जागा म्हणजे एक अरुंद डोंगरकणा होता. दोन्ही अंगांना उतार आणि दक्षिणेकडेही जमीन खाली जाणारी. एवढा रुंद चौक त्यावर बसणे शक्य नव्हते. जेफर्सन यांनी हट्ट धरला नाही. त्यांनी चौकाची रुंदी सुमारे २०० फुटांवर आणली, लांबी वाढविली आणि उतारावर पायरीपायरीने सपाट टप्पे पाडण्याचे ठरविले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्या लांबट हिरवळीचे आज कौतुक होते, तिचा आकार जमिनीनेच ठरविलेला आहे. वास्तुरचनेवरील पुस्तकांत या गोष्टीला याहून मोठे स्थान मिळावयास हवे.

विल्यम थॉर्नटन आणि बेंजामिन लॅट्रोब या दोन वास्तुविशारदांचा सल्ला त्यांनी पत्राने मागविला. उत्तर टोकाला मध्यभागी एक भव्य वास्तू असावी, असे लॅट्रोब यांनी सुचविले. पुढे तेथे रोममधील पँथिऑनच्या धर्तीवर, व्यास आणि उंची निम्मी ठेवून, ७७ फूट व्यासाची घुमटाकार रोटुंडा ही इमारत उभी राहिली. तिच्यात मंदिर वा प्रार्थनागृह नव्हे, तर ग्रंथालय ठेवण्यात आले. दोन्ही बाजूंची दहा घरे मुद्दाम वेगवेगळ्या शैलींत बांधली गेली, जेणेकरून वास्तुकलेचे धडे देताना उदाहरणे समोरच असावीत. घरांमागील बागांच्या भिंती नागमोडी आहेत. वळणांमुळे एका विटेच्या जाडीची भिंतही उभी राहते आणि विटा वाचतात.

६ ऑक्टोबर १८१७ रोजी मन्रो, मॅडिसन आणि जेफर्सन यांच्या उपस्थितीत कोनशिला बसविण्यात आली. या समारंभाची वर्णने विपुल आहेत. त्याआधी रान साफ करून जमीन सपाट करण्यास लागलेल्या दहा मजुरांबद्दल मात्र फारच थोडे लिहिले गेले. ते गुलाम होते. टप्पे खोदणे, माती वाहणे, विटा पाडणे आणि भाजणे, लाकूड कापणे ही कामे बहुतांशी गुलामांकडून करून घेण्यात आली. आसपासच्या मालकांकडून त्यांना भाड्याने आणले जाई आणि मोबदला मालकाच्या हाती पडे. सर्व माणसे समान आहेत असे जाहीरनाम्यात मांडणाऱ्या जेफर्सन यांच्या मालकीचे आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. विद्यापीठाची कथा सांगताना हा भाग वगळता येत नाही.

जागा मोजून झाली तरी राज्याची मान्यता मिळावयाची होती. व्हर्जिनियाचे राज्य विद्यापीठ कोठे असावे हे ठरविण्यासाठी १ ऑगस्ट १८१८ रोजी रॉकफिश गॅप या खिंडीतील खाणावळीत आयोगाची बैठक भरली. लेक्सिंग्टन आणि स्टॉन्टन ही गावेही स्पर्धेत होती. शार्लट्सव्हिल हे राज्याच्या लोकसंख्येच्या मध्याजवळ आहे, हे जेफर्सन यांनी नकाशा आणि आकडे मांडून दाखविले. तेथील हवामान आरोग्यदायी असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी परिसरातील ऐंशी वर्षांवरील रहिवाशांची यादीही सोबत आणली होती. मतदान झाले, तेव्हा शार्लट्सव्हिलला १६, लेक्सिंग्टनला ३ आणि स्टॉन्टनला २ मते पडली. २५ जानेवारी १८१९ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाची सनद मंजूर केली. जेफर्सन त्याचे पहिले रेक्टर, म्हणजे संचालक मंडळाचे प्रमुख झाले.

त्यानंतरची सहा वर्षे पैशाच्या विवंचनेत गेली. राज्याचे अनुदान वर्षाला १५ हजार डॉलर होते आणि खर्च त्यापलीकडे धावत होता. ७ मार्च १८२५ रोजी सुमारे ४० विद्यार्थ्यांसह विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुखवटे चढविलेल्या विद्यार्थ्यांनी रात्री दंगा करून प्राध्यापकांवर हल्ला केला. चौकशीसाठी संचालक आणि विद्यार्थी एकत्र जमले, तेव्हा ८२ वर्षांचे जेफर्सन बोलावयास उभे राहिले, पण भावनावेगाने त्यांना शब्द फुटेना. ते खाली बसले. दोषी ठरून काढून टाकण्यात आलेल्यांत त्यांच्या नात्यातील एक तरुणही होता.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, जेफर्सन यांचे निधन झाले. रोटुंडाचे काम तेव्हा अपुरे होते. आपल्या समाधीवर कोरण्यासाठी त्यांनी तीनच गोष्टी निवडल्या होत्या: जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि हे विद्यापीठ. राष्ट्राध्यक्षपदाचा उल्लेख तेथे नाही. मागे राहिलेले कर्ज एक लाख डॉलरहून अधिक होते. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्या मॉण्टिचेलो येथील १३० गुलामांची विक्री जाहीर करण्यात आली.

२७ ऑक्टोबर १८९५ रोजीच्या आगीत रोटुंडा जळाली. स्टॅनफर्ड व्हाइट यांनी ती वेगळ्या अंतर्रचनेसह पुन्हा बांधली आणि १९७६ मध्ये तिला जेफर्सन यांच्या आराखड्याचे रूप परत देण्यात आले. मॉण्टिचेलो आणि विद्यापीठाचा हा परिसर १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विद्यापीठात पहिला प्रवेश १९५० मध्ये, तोही न्यायालयाच्या आदेशाने मिळाला. १८१७ ते १८६५ या काळात तेथे राबलेल्या सुमारे चार हजार गुलामांचे दगडी स्मारक रोटुंडाच्या पूर्वेला २०२० मध्ये पूर्ण झाले. ज्यांची नावे सापडली ती त्यावर कोरलेली आहेत. बाकीच्यांसाठी दगडात नुसत्या आडव्या खाचा आहेत.