सार्वजनिक जमाखर्चाचा जागल्या

वर्ध्याच्या मगनवाडीचे नाव निघाले की घाणीचे तेल, हातकागद, मधमाशापालन आणि मगनचूल या गोष्टी आठवतात. या वाडीतून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार ज्यांनी वर्षानुवर्षे वाहिला, त्या जे. सी. कुमारप्पा यांची ओळखही ग्रामोद्योगांचे पुरस्कर्ते एवढीच उरली आहे. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. कुमारप्पा मूळचे हिशेबतपासनीस होते आणि अखेरपर्यंत तेच राहिले. सार्वजनिक पैसा कोठून आला, तो कोणी कशावर खर्चला आणि ज्याच्या घामातून तो आला त्याच्या पदरात काय पडले, हे प्रश्न त्यांनी परकीय सरकारला विचारले, काँग्रेसला विचारले आणि प्रत्यक्ष गांधीजींच्या गोतावळ्यालाही विचारले. कारभार खुला असावा आणि त्यात लोकांचा सहभाग असावा, ही भाषा सर्वतोमुखी झालेली असताना त्यांच्या चरित्राची ही बाजू पाहणे अगत्याचे आहे.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुस्थित तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबशास्त्राची पदवी मिळविली आणि मुंबईस परतून लेखापरीक्षणाचा व्यवसाय थाटला. पोशाख, राहणी, विचार, सारेच तेव्हा साहेबी होते. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला आणि विषय घेतला तो हिंदुस्थानचा महसूल व हिंदुस्थानचे दारिद्र्य यांच्या संबंधाचा. हिंदी माणूस गरीब का, या प्रश्नाचे उत्तर लोक त्याच्या आळसात किंवा त्याच्या दैवात शोधत. कुमारप्पांना ते सरकारी अंदाजपत्रकात सापडले. कर गोळा होतो गरिबाकडून आणि खर्च होतो लष्करावर, बड्या पगारांवर आणि कर्जाच्या व्याजावर, हे आकड्यांनिशी मांडता मांडता हा साहेबी तरुण राष्ट्रवादी होऊन बसला. १९२९ मध्ये हे लेखन घेऊन तो साबरमतीस आला. गांधीजींनी ते ‘यंग इंडिया’तून प्रसिद्ध केले आणि लेखकास लगेच कामाला जुंपले.

ते काम होते गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन गावे हिंडायची, शेतकऱ्याचे उत्पन्न, खर्च, कर्ज आणि त्याच्यावरील साऱ्याचा बोजा नोंदवायचा, असे तिचे स्वरूप होते. वरवर रूक्ष वाटणाऱ्या या उद्योगाचा राजकीय अर्थ मोठा होता. तोवर गावाची माहिती ही सरकारची मालमत्ता होती. ती दप्तरात असे, साऱ्याची आकारणी तिच्यावरून होई, आणि ज्याच्यावर आकारणी होई त्याला ती पाहावयास मिळत नसे. मातरमध्ये सामान्य विद्यार्थ्यांनी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून तीच माहिती पुन्हा गोळा केली आणि सरकारच्या आकड्यांसमोर जनतेचे आकडे उभे केले. १९३१ मध्ये काँग्रेसने ब्रिटन व हिंदुस्थान यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची छाननी करण्यास समिती नेमली, तिचेही ते निमंत्रक होते. साम्राज्याने हिंदुस्थानच्या नावे लिहून ठेवलेल्या कर्जापैकी खरोखर हिंदुस्थानचे किती, असा रोकडा सवाल तीत होता.

परक्याला जाब विचारणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी आपल्या माणसांच्या बाबतीत लागते. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला. बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली मदत समिती उभी राहिली, देशभरातून पैसा आला आणि हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांकडे सोपविण्यात आली. स्वयंसेवकाच्या दैनंदिन खर्चावर त्यांनी कडक मर्यादा घातली. पुढे खुद्द गांधीजी परिवारासह बिहारमध्ये आले, तेव्हा त्या मंडळींच्या खाण्यापिण्याचा व प्रवासाचा भार मदतनिधीवर पडू देण्यास कुमारप्पांनी नकार दिला आणि हा खर्च त्यांनी स्वतः सोसावा असे महादेवभाई देसाई यांना कळविले. गांधीजींनी कारण विचारले, ते ऐकून घेतले आणि मान्य केले. संकटग्रस्तासाठी दिलेला पैसा संकटग्रस्ताचा. त्यावर महात्म्याचाही हक्क नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यास ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव पडले आणि संघाचे चिटणीस म्हणून कुमारप्पा तेथे राहू लागले. १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने त्यांच्या अध्यक्षतेखाली औद्योगिक पाहणी समिती नेमली. उद्योगांची पाहणी म्हटली की गिरण्या आणि खाणी मोजण्याची सरकारी रीत होती. या समितीने ६०६ खेडी निवडली आणि गावकरी काय पिकवतो, काय बनवतो, काय विकत घेतो आणि कोठे नागवला जातो, हे पाहून शिफारशी केल्या. राजधानीत बसून गावाचे भले ठरविता येत नाही, हा मातरचा धडा येथे प्रथमच एका सरकारच्या दप्तरात शिरला. १९३९ मध्ये मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो पुष्कळसा दप्तरातच राहिला.

या अनुभवांतून त्यांचा सिद्धांत पक्का होत गेला. जेथे उत्पादन मूठभरांच्या हाती एकवटते तेथे सत्ताही एकवटते, आणि एकवटलेल्या सत्तेचा हिशेब सामान्य माणसाला कळेनासा होतो. गावातला व्यवहार गावाला दिसतो. दूरचा व्यवहार फक्त तज्ज्ञाला दिसतो. म्हणून लोकशाही टिकायची तर तिचा पाया गावाच्या नजरेच्या टप्प्यात असला पाहिजे. राष्ट्रीय नियोजन समितीत त्यांचे मन रमले नाही, ते याच कारणाने. १९४२ नंतरच्या तुरुंगवासात, जबलपूर येथे, त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्ष म्हणून १९४९ मध्ये त्यांनी कसणाऱ्याच्या हक्काचा आणि मध्यस्थांच्या उच्चाटनाचा अहवाल दिला. पुढे वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून ते शेतीच्या प्रयोगांत रमले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईनजीक कल्लुपट्टीस गेले. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले.

या चरित्रात एक उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. कुमारप्पांची दक्षता ही बव्हंशी कुमारप्पांचीच राहिली. बिहारच्या निधीला पहारेकरी मिळाला, कारण तो माणूस तेथे होता. तो नसता तर हिशेब विचारण्याचा अधिकार सामान्य स्वयंसेवकाला किंवा भूकंपग्रस्ताला कोणत्या नियमाने मिळाला असता? त्यांच्या करड्या स्वभावामुळे भलेभले त्यांना वचकून असत. परंतु वचक माणसाबरोबर जातो. मागे उरायला पाहिजे तो नियम.

तो नियम पुढे आला. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात २००२ पासून आणि देशभर २००५ मध्ये कायद्याने मिळाला. २००५ च्याच रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. हजेरीपट गावासमोर वाचला जावा आणि मजुराने आपले नाव, दिवस व रक्कम ताडून पाहावी, ही कल्पना मगनवाडीच्या या हिशेबतपासनिसाला खचित आवडली असती.

मात्र आता उणीव दुसऱ्या बाजूची आहे. नियम आहे, विचारणारे थोडे आहेत. ग्रामसभेत गणसंख्येसाठी सह्या गोळा होतात, जमाखर्च घाईने वाचला जातो, आणि ज्यांना तो वाचता येतो ते शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन तरुण सभेला फिरकत नाहीत. मातर तालुक्याची पाहणी काही नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी केलेली नव्हती. ती विद्यार्थ्यांच्या पायपिटीतून झाली होती. बेरीज-वजाबाकी येणाऱ्याने ती न येणाऱ्याच्या शेजारी बसावे आणि दोघांनी मिळून गावचा हिशेब पाहावा, एवढ्यावर कुमारप्पांचे लोकसहभागाचे सारे शास्त्र उभे होते. पुढच्या ग्रामसभेत जमाखर्चाची वही उघडली जाईल तेव्हा तिच्यावर आणखी दोन-चार डोळे असावेत, इतके झाले तरी मगनवाडीचे ऋण थोडेफार फिटेल.