इंजिनाला श्वास देणारे ब्यूखी

जयगड बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांची डिझेल इंजिने ज्या युक्तीने भरपूर हवा घेतात, ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १८७९ साली विंटरथूर येथे जन्मलेल्या ब्यूखींना खटकत होते ते हेच, की धुराबरोबर इंजिनाची केवढी तरी शक्ती वाया जाते. त्याच उष्ण वायूंनी चक्र फिरवून हवा दाबून आत भरावी, म्हणजे अधिक इंधन जळेल, या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये घेतले. १९१५ चा नमुना फसला. नाद मात्र सुटला नाही. १९२६ मध्ये जलावतरण झालेल्या दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली! टर्बोचार्जरच्या प्रवासी मोटारी बाजारात आल्या १९६२ मध्ये. ब्यूखी १९५९ मध्येच निवर्तले होते.