गर्भविज्ञानाचे गुरुकुल : डॉ. पंचानन महेश्वरी

जळगाव जिल्ह्यातील केळीबागांमध्ये आता कंदांच्या जोडीला प्रयोगशाळेत वाढविलेली टिश्यूकल्चरची रोपेही लावली जातात. काचेच्या बाटलीत वनस्पतीची वाढ घडविण्याच्या या शास्त्राची भारतात पायाभरणी करणाऱ्यांमध्ये डॉ. पंचानन महेश्वरी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूर येथे त्यांचा जन्म झाला. अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफिल्ड डजन या अमेरिकन प्राध्यापकांनी त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लावली. शिक्षण संपल्यावर शिष्याने गुरुदक्षिणेविषयी विचारले, तेव्हा आपण जे तुझ्यासाठी केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर, एवढीच अपेक्षा गुरूंनी व्यक्त केली. महेश्वरींचे पुढील सारे आयुष्य म्हणजे या ऋणाची फेड होय.

आग्रा आणि ढाका येथे अध्यापन केल्यानंतर १९४९ मध्ये ते दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. फुलातील बीजांडात भ्रूण कसा आकार घेतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. भ्रूणाच्या जडणघडणीवरून वनस्पतींची नाती ओळखता येतात व वर्गीकरणातील वाद सोडविता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. सपुष्प वनस्पतींच्या गर्भविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर प्रमाण मानला गेला.

केवळ निरीक्षणावर ते थांबले नाहीत. त्यांच्या विभागात कुसुम कांता व एन. एस. रंगस्वामी यांच्यासह अफूच्या बीजांडांवर थेट परागकण ठेवून परीक्षानळीत फलन घडविण्यात आले. १९६२ मध्ये हे संशोधन 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये त्याच विभागातील शिप्रा गुहा आणि महेश्वरींचे पुत्र सतीशचंद्र यांनी धोत्र्याच्या परागकोशांपासून गुणसूत्रांचा एकच संच असलेले भ्रूण मिळविले. अशा रोपांतील गुणसूत्रे दुप्पट केली, की अनेक पिढ्या न थांबता शुद्ध वाण हाती येतो. पीक सुधारणेसाठी ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

संशोधकांनी एकटे राहू नये, याची त्यांना जाणीव होती. १९५१ मध्ये त्यांनी वनस्पती-रूपशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली व 'फायटोमॉर्फोलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. शाळकरी मुलांपर्यंत आधुनिक जीवशास्त्र पोहोचावे म्हणून एनसीईआरटीच्या उच्च माध्यमिक पाठ्यपुस्तकाचे कामही त्यांनी अंगावर घेतले. जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाने शालेय पुस्तकासाठी वेळ द्यावा, ही बाब आजही अनुकरणीय ठरावी.

त्यांच्या शिष्यांपैकी एच. वाय. मोहन राम यांनी पुढे अमेरिकेत एफ. सी. स्टुअर्ड यांच्यासमवेत केळीच्या वाढीचा अभ्यास केला. केळीवर जगणाऱ्या खान्देशाला हा धागा जवळचा वाटावा.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने महेश्वरींना फेलो म्हणून निवडले. मात्र हा सन्मान त्यांना फार काळ लाभला नाही. १८ मे १९६६ रोजी, वयाच्या अवघ्या ६१ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांचे विद्यार्थी स्वतः शिक्षक झाले होते. गुरूंनी मागितलेली दक्षिणा पुरेपूर अदा झाली होती.