गरिबीविरुद्ध युद्ध पुकारणारा राष्ट्राध्यक्ष व्हिएतनामच्या युद्धात संपला

साल १९६५. जुलै महिन्याचा शेवटचा आठवडा.

२८ जुलैला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पत्रकार परिषद घेतली. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांची संख्या ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

दोनच दिवसांनी, ३० जुलैला, हेच जॉन्सन मिसुरी राज्यातल्या इंडिपेंडन्स गावी गेले. तिथे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन राहायचे. वीस वर्षांपूर्वी ट्रुमन यांनी सरकारी आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला होता, पण संसदेने तो होऊ दिला नव्हता. त्यांच्या शेजारी बसून जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरच्या अमेरिकनांच्या दवाखान्याच्या खर्चाचा मोठा भार आता सरकार उचलणार होतं. पहिलं कार्ड मिळालं ते ट्रुमन यांना.

एकाच आठवड्यातले हे दोन निर्णय. मेडिकेअर आजही कोट्यवधी म्हाताऱ्या अमेरिकनांच्या कामी येतं. दुसऱ्या निर्णयाने मात्र जॉन्सन यांची कारकीर्द गिळली.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला जोखताना देशातलं धोरण एका बाजूला आणि परदेशातलं धोरण दुसऱ्या बाजूला ठेवायची पद्धत आहे. पण हे दोन हिशेब वेगळे ठेवता येत नाहीत, हे जॉन्सन यांच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

कंदिलाच्या उजेडातलं बालपण

लिंडन जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा. टेक्सास राज्यात पेडर्नालेस नावाच्या नदीकाठी त्यांचं घर होतं. भाग खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि गावात वीज नाही. वडील राज्याच्या विधिमंडळात आमदार होते, त्यामुळे घरात राजकारण होतं. पण १९२० च्या सुमारास कापसाचे भाव कोसळले, वडिलांची शेती बुडाली आणि घर कर्जात गेलं. कालपर्यंत मान देणारी माणसं आज उधारी मागायला दारात यायला लागली. ही नाचक्की लिंडन कधीच विसरला नाही.

शिक्षक होण्यासाठी त्याने कॉलेज धरलं. पैसे संपले तेव्हा शिक्षण मध्येच थांबवून १९२८ मध्ये तो कोटुला नावाच्या गावात मास्तर म्हणून गेला. शाळेत सगळी मेक्सिकन मजुरांची पोरं. कित्येक जण उपाशीपोटीच वर्गात यायची. वीस वर्षांच्या या मास्तरने पहिल्या पगारातून मुलांसाठी खेळाचं सामान आणलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मतदानाच्या हक्कासाठी संसदेत भाषण करताना त्यांनी याच पोरांची आठवण काढली.

१९३७ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी जॉन्सन खासदार झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे लकडा लावून त्यांनी आपल्या मतदारसंघात वीज आणली. ज्या बायका विहिरीतून पाणी शेंदून आणि चुलीवर इस्त्री तापवून पिचल्या होत्या, त्यांच्या घरात दिवा लागला. सरकारने मनावर घेतलं तर माणसाचं आयुष्य बदलतं, हे जॉन्सन यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पण हा माणूस धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९४८ ची सिनेटची उमेदवारी त्यांनी फक्त ८७ मतांनी जिंकली. मतदान होऊन सहा दिवस झाल्यावर एका मतदान केंद्राच्या यादीत दोनशेच्या आसपास नवी नावं निघाली. ती वर्णानुक्रमे, एकाच शाईत लिहिलेली होती आणि जवळपास सगळी मतं जॉन्सन यांना पडलेली होती. हा डाग त्यांच्यावर कायम राहिला.

अंगावर येऊन मत मिळवणारा नेता

१९५५ मध्ये जॉन्सन सिनेटमधल्या बहुमताचे नेते झाले. सव्वासहा फुटांहून उंच माणूस. एखाद्या सिनेटरचं मत हवं असेल तर ते त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहायचे, खांद्यावर हात टाकायचे आणि तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत सुटायचे. कधी विनवणी, कधी कौतुक, कधी धमकी. कोणाला मतदारसंघात धरण हवंय, कोणाच्या मुलाचं काय चाललंय, हे सगळं त्यांना पाठ असायचं. प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते कळलं की सौदा होतो, हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता.

१९६० मध्ये ते जॉन केनेडी यांचे उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. तीन वर्षं त्यांना फारसं काम नव्हतं. २२ नोव्हेंबर १९६३ ला डलासमध्ये केनेडींची हत्या झाली आणि त्याच दुपारी विमानात जॉन्सन यांनी शपथ घेतली. शेजारी जॅकलिन केनेडी उभ्या होत्या. त्यांच्या कपड्यांवर नवऱ्याच्या रक्ताचे डाग तसेच होते.

घरच्या आघाडीवर

केनेडींचं नागरी हक्क विधेयक तेव्हा संसदेत अडकलं होतं. हॉटेल, थिएटर, नोकरी अशा ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणारं हे विधेयक होतं. दक्षिणेकडच्या राज्यांचे सिनेटर आडवे पडले होते आणि त्यांचे म्होरके होते रिचर्ड रसेल, म्हणजे जॉन्सन यांचे राजकीय गुरू. खुद्द जॉन्सन यांनीही संसदेतल्या पहिल्या वीस वर्षांत असल्या विधेयकांच्या विरोधातच मतं दिली होती.

आता मात्र त्यांनी गुरूलाच अंगावर घेतलं. विरोधकांनी भाषणं लांबवत सिनेटचं कामकाज आठवडेच्या आठवडे रोखून धरलं. जॉन्सन यांनी रिपब्लिकन पक्षाचे नेते एव्हरेट डर्कसन यांना सोबत घेतलं आणि १० जून १९६४ ला ७१ विरुद्ध २९ मतांनी ही कोंडी फोडली. २ जुलैला कायदा झाला.

त्या नोव्हेंबरमध्ये बॅरी गोल्डवॉटर यांचा पराभव करून जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. मग त्यांनी कायद्यांचा सपाटा लावला. शाळांना केंद्राची मदत देणाऱ्या कायद्यावर त्यांनी आपल्या गावाजवळच्या शाळेत, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून सही केली. मेडिकेअरसोबत गरिबांसाठी मेडिकेड आलं. ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा आला. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी सुमारे ७ टक्के होती. दोन-तीन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. १९६४ मध्ये अमेरिकेतले १९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. १९६९ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांवर आलं.

याच काळातला एक कायदा मराठी घरांपर्यंत पोहोचला. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला अवघा १०० माणसांचा. देशांप्रमाणे भेदभाव करणारी ही पद्धत मोडीत निघाली आणि भारतातल्या डॉक्टर-इंजिनीअरांसाठी दार उघडलं. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आज जी महाराष्ट्र मंडळं गणपती बसवतात, त्यांची वाट इथून सुरू होते.

माहीत असूनही आत गेलेला माणूस

व्हिएतनामची १९५४ मध्ये फाळणी झाली होती. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या आधारावर उभं असलेलं सरकार. केनेडी गेले तेव्हा तिथे सुमारे १६ हजार अमेरिकी सैनिक होते, तेही सल्लागार म्हणून.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचं जाहीर झालं. पहिला हल्ला खरा होता. दुसरा झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. पण तोवर संसदेने जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक देऊन टाकली होती. प्रतिनिधीगृहात विरोधात एकही मत नाही, सिनेटमध्ये फक्त दोन.

जॉन्सन यांना हे युद्ध सोपं वाटत होतं का? अजिबात नाही. ते आपले फोन रेकॉर्ड करून ठेवायचे आणि या टेप पुढे खुल्या झाल्या. मे १९६४ मधल्या फोनवर ते रसेल आणि आपल्या सुरक्षा सल्लागारांशी बोलताना ऐकू येतात. हे प्रकरण लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि एकदा आत गेलं की बाहेर कसं पडायचं हे दिसत नाही, असा त्यांचा सूर आहे.

मग गेले कशाला? त्यांना भीती होती ती घरच्या राजकारणाची. १९४९ मध्ये चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला तेव्हा विरोधकांनी ट्रुमन यांना झोडपून काढलं होतं. व्हिएतनाम सोडलं तर आपलंही तेच होईल आणि त्या गोंधळात गरिबांसाठीचे कायदे बुडतील, असा जॉन्सन यांचा हिशेब होता. म्हणजे घरची कामं वाचवण्यासाठी त्यांनी बाहेरचं युद्ध पत्करलं.

एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी आपला जुना डावही टाकून पाहिला. मेकाँग नदीच्या खोऱ्यात धरणं, वीज, विकास. त्यासाठी १०० कोटी डॉलर द्यायची तयारी दाखवली. पेडर्नालेसच्या काठी जे चाललं ते मेकाँगच्या काठीही चालेल, असं त्यांना वाटत होतं. पण उत्तर व्हिएतनामला धरण नको होतं, त्यांना अखंड देश हवा होता. प्रत्येकाची किंमत असते हे गणित तिथे चुकलं.

भारताच्या गव्हाची दोरी

हाच सौद्याचा स्वभाव भारतानेही अनुभवला. पीएल-४८० करारानुसार अमेरिकेचा गहू भारतात यायचा आणि त्याचे पैसे रुपयांत चुकते व्हायचे. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार थांबवला आणि थोडा थोडा गहू सोडायला सुरुवात केली. किती जहाजं कधी निघणार, याचा निर्णय ते स्वतः घ्यायचे.

त्यांची एक मागणी शेतीची होती. भारताने खतं, नवं बियाणं आणि शेतीतली गुंतवणूक वाढवावी. दुसरी नाराजी व्हिएतनामची होती. भारत अमेरिकेच्या बॉम्बफेकीवर टीका करत होता. त्यातच १९६५ आणि १९६६ असे सलग दोन पावसाळे कोरडे गेले. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. १९६६ मध्ये भारताला सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. इंदिरा गांधी मार्चमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आल्या, जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, पण जुलैमध्ये त्यांनी मॉस्कोत व्हिएतनामवरून अमेरिकेला दुखावणारी भूमिका घेतली आणि जॉन्सन यांनी दोरी पुन्हा आवळली.

उपाशी देशाला असं ताटकळत ठेवणं दिल्लीला झोंबलं. धान्यासाठी पुन्हा कोणापुढे हात पसरायचा नाही, हा निर्धार त्यातून पक्का झाला. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोतून गव्हाचं १८ हजार टन बियाणं आणलं. १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत असलेलं गव्हाचं उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेलं. हरितक्रांती सुरू झाली होती.

शेवटचा धक्का

तिकडे व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांचा आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. १९६५ ते १९६८ या चार वर्षांत ३६ हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं मेली ती लाखांत. युद्धाचा खर्च आणि गरिबांच्या योजना एकाच तिजोरीतून चालवायच्या होत्या. अखेर १९६८ मध्ये आयकरावर १० टक्के अधिभार लावावा लागला आणि त्या बदल्यात संसदेने सरकारी खर्चात कपात करून घेतली. ज्या योजना वाचवायला युद्ध पत्करलं, त्यांच्याच ताटातला घास युद्धाने काढून घेतला.

सरकार युद्ध जिंकत असल्याचं सांगत होतं. ३० जानेवारी १९६८ ला, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शंभराहून जास्त शहरांवर आणि गावांवर हल्ले चढवले. ते हल्ले परतवले गेले, पण लोकांचा विश्वास उडाला. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मतं घेतली. चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले.

३१ मार्च १९६८ च्या रात्री जॉन्सन टीव्हीवर आले. बॉम्बफेक कमी करणार असल्याचं त्यांनी सांगितलं आणि भाषणाच्या शेवटी, आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, हेही सांगून टाकलं. सगळा देश अवाक झाला.

जानेवारी १९६९ मध्ये ते पेडर्नालेसच्या काठी परतले. केस वाढवले, हृदयविकारामुळे सोडलेली सिगारेट पुन्हा धरली. डिसेंबर १९७२ मध्ये प्रकृती साथ देत नसताना ते ऑस्टिनला नागरी हक्कांच्या परिषदेत बोलायला गेले आणि काम अजून अर्धवट असल्याचं सांगून आले. २२ जानेवारी १९७३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. २५ जानेवारीला नदीकाठच्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

दोन दिवसांनी, २७ जानेवारीला, पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या शांतता करारावर सह्या झाल्या.