डॉ. शिरोडकरांचा टाका

स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र थोडक्यात लिहून दे, असा निरोप आला तेव्हा शास्त्रज्ञच निवडायचा हे मी मनाशी ठरवलं. रायगड, चवदार तळं, उमरठचे तानाजी मालुसरे ही चरित्रं आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलांना पाठच असतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. आपल्या काही मैत्रिणींनी ते ऐकलंय, पण माणसाचं म्हणून नव्हे, टाक्याचं म्हणून. डॉक्टर म्हणतात, ‘शिरोडकर घालावा लागेल.’ तो शिरोडकर म्हणजे हा माणूस.

जन्म २७ एप्रिल १८९९, गोव्यातल्या शिरोडा गावचा. आडनाव गावावरूनच आलेलं. शालेय शिक्षण हुबळीला झालं आणि डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्याकडचे लोक ज्याला नुसतं ‘जे. जे.’ म्हणतात तिथे. १९२७ साली ते प्रसूती व स्त्रीरोग विषयात एम. डी. झाले, १९३१ साली इंग्लंडहून एफ. आर. सी. एस. घेऊन परतले आणि त्याच कॉलेजात शिकवू लागले. पुढे तिथेच प्राध्यापक झाले. रोज वॉर्डात फिरायचं, विद्यार्थ्यांना पेशंट दाखवायचा, ऑपरेशन करता करता समजावून सांगायचं, असा तो काळ. त्यांचं सगळं संशोधन या कामातूनच निघालं, वेगळ्या प्रयोगशाळेतून नव्हे. महाडकरांना हे फार पटवून द्यायला नको. विंचूदंशावर औषध शोधणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच गावात रोग्याच्या खाटेशी बसून जगाला उपयोगी पडणारं काम करताना आपण पाहिलेत.

शिरोडकरांपुढे आलेला प्रश्न आपल्या गावागावांतला, जुना आहे. बाईला दिवस जातात, तीन महिने सुखरूप जातात, घरात आनंद असतो, आणि चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच सगळं वाहून जातं. पुढच्या वेळीही तेच. मग नवस, अंगारे, ‘हिच्या पोटात टिकतच नाही’ हे शेजारणींचं बोलणं, सासूचा अबोला आणि बऱ्याच घरांत नवऱ्याचं दुसरं लग्न. दोष बाईचाच, यावर सगळ्यांचं एकमत. डॉक्टरांकडेही विश्रांती आणि हॉर्मोनची इंजेक्शनं यापलीकडे देण्यासारखं फारसं काही नव्हतं.

इथे थोडं शास्त्र सांगते. (आपल्या पिढीला जवळपास प्रत्येक शाळेत प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला आहे, तेव्हा सर-बाईंनी रागावू नये.) तिसरा महिना संपेपर्यंत बाळाचे बहुतेक अवयव घडलेले असतात. त्याआधी जे गर्भ पडतात, त्यांतले बरेचसे मुळातच सदोष असतात. गुणसूत्रांचीच गफलत असते. चौथ्या महिन्यानंतर मुख्यतः वाढ होते, वजन आणि पाणी वाढत जातं. हा भार वर तोलून धरायचा असतो तो गर्भाशयाच्या तोंडाने, म्हणजे जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीच्या एका घट्ट नळीने. ती वेळेआधीच सैल पडली, तर आतलं बाळ अगदी निरोगी असूनही बाहेर येतं.

शिरोडकरांनी नेमकं हेच ताडलं. वारंवार गर्भ गमावलेल्या बायका पुन्हा गरोदर राहिल्या की ते त्यांना पुन्हा पुन्हा तपासत राहिले. सोनोग्राफी नव्हती, बोटांनीच तपासायचं. आठवड्यागणिक ते तोंड हळूहळू, न दुखता उघडत चाललेलं त्यांना जाणवलं. आम्हा इंजिनिअर लोकांना यातलं महत्त्व चटकन कळतं: एखादी यंत्रणा पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यावर कोलमडत असेल, तर ती कोलमडताना पाहावी लागते, नंतर ढिगारा तपासून भागत नाही. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये सैल तोंडाचा विचार त्याआधी झाला होता, पण अमेरिकेतली दुरुस्ती गर्भ नसताना केली जायची. शिरोडकरांनी ती गरोदरपणातच करायचं धाडस केलं.

त्यासाठी धागा कुठून आणला? त्याच बाईच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरं आवरण असतं, त्याची अरुंद पट्टी काढून घेतली. योनीमार्गातून जाऊन गर्भाशयाच्या तोंडावरची पातळ त्वचा किंचित उघडायची, मूत्राशय हलकेच वर सारायचा, वळणदार बोथट सुईने ती पट्टी तोंडाच्या वरच्या टोकाशी भोवतीने फिरवून आवळायची आणि त्वचा पुन्हा शिवून टाकायची. पोट उघडायचं नाही. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची फीत आली. दिवस भरत आले की टाका कापायचा, किंवा सिझेरियन करायचं.

हे त्यांनी १९५५ साली जगासमोर मांडलं, मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात. लंडन-न्यूयॉर्कच्या नियतकालिकात नव्हे, याचं मला विशेष वाटतं. त्यात त्यांनी फक्त तीस बायकांचा विचार केला होता. प्रत्येकीचे किमान चार गर्भ गेलेले होते, काहींचे नऊ ते अकरा. अकरा वेळा ओटीत काहीच न येता घरी परतलेली बाई डोळ्यांसमोर आणून पाहा.

दोनच वर्षांनी, १९५७ साली, मेलबर्नच्या मॅकडोनाल्ड यांनी याच कल्पनेचा सोपा प्रकार काढला: बटव्याच्या नाडीसारखा टाका, त्वचा न उघडता. तो झटपट होतो म्हणून आज जास्त वापरला जातो. शिरोडकरांचा टाका अधिक वर बसतो, पण घालायला अवघड. आज जगभर दोन्ही नावं शेजारी-शेजारी घेतली जातात.

टाका प्रसिद्ध झाला तसा सढळ हाताने घातलाही जाऊ लागला. खरंच किती फायदा होतो, हे पाहायला १,२९२ स्त्रियांवर अनेक देशांत मिळून एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९३ साली आला. सरसकट पाहिलं तर साधारण पंचविसांतल्या एकीलाच उपयोग झालेला दिसला. मात्र ज्यांना तीन किंवा अधिक वेळा उशिराचे गर्भपात अथवा अकाली प्रसूती झाल्या होत्या, त्यांच्यात तेहेतीस आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण टाक्यामुळे ३२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. टीकाकार या चाचणीचा पहिला आकडा सांगतात. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो, कारण शिरोडकरांनी मुळात निवडलेल्या त्या तीस बायका याच गटातल्या होत्या. पुढे सरसकट वापर झाला, त्याचा दोष त्यांच्या मूळ निवडीला देता येत नाही.

त्यांच्या दुसऱ्या एका कामाचा संबंध आपल्या डोंगरवाड्यांशी लावावासा वाटतो. बाळंतपणानंतर दहा-बारा दिवसांतच डोक्यावर लाकडाची मोळी आणि पाण्याचे हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. अंग बाहेर येण्याचं दुखणं त्यांच्यात नवीन नाही. लाजेपोटी त्या सांगत नाहीत, एवढंच. त्यावर पूर्वी गर्भाशय काढून टाकणं हाच बऱ्याचदा उपाय समजला जाई. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी तो उपाय कसला? शिरोडकरांनी गर्भाशय जागेवर ठेवून त्याला मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाशी पट्टीने टांगायची शस्त्रक्रिया बसवली. ती आजही त्यांच्या नावाने शिकवली जाते. बंद झालेल्या गर्भनलिका उघडण्यावरही त्यांनी बरंच काम केलं; पुढे टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र आल्यावर त्याची गरज कमी झाली.

ही सगळी कामं त्यांनी १९६० साली एका इंग्रजी पुस्तकात एकत्र केली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. परदेशातल्या शल्यगृहांत जाऊन त्यांनी आपली शस्त्रक्रिया करून दाखवली, पण कामाचं ठिकाण शेवटपर्यंत मुंबईच राहिलं. १९७१ च्या जानेवारीत पद्मविभूषण जाहीर झालं आणि ७ मार्चला ते गेले.

आता सोनोग्राफीत त्या तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. आधी असा त्रास झालेल्या बाईत ती २५ मिलिमीटरच्या खाली दिसली, की डॉक्टर टाक्याचा विचार करतात. तो साधारण सदतिसाव्या आठवड्यात कापतात. मॅकडोनाल्डचा असेल तर बहुधा भूलही द्यावी लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. मग कळा यायची वाट पाहायची.